चूक परवडणारी जागा

बडोद्याला सापडलेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात वेरूळच्या कैलास लेण्याचा उल्लेख आहे. ताम्रपट इ.स. 812-13 मधला, गुजरातेत राज्य करणाऱ्या कर्कराजाचा. पूर्वज कृष्णराजाची थोरवी सांगताना त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, देवळाचा विषय निघतो. विमानातून जाणारे देव ते देऊळ पाहून थक्क झाले, असं प्रशस्तिकार सांगतो. पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो. ज्यानं ते घडवलं तो कारागीरही चकित झाला. हे आपल्या हातून झालं तरी कसं, असं त्याला वाटलं.

कविकल्पना म्हणून हे सोडून देता येईल. मला ते सोडवत नाही. देवांना थक्क करणं ही प्रशस्तीची रीतच आहे. पण करणाऱ्यालाच आपल्या कामाचं नवल वाटणं, हे एकट्याच्या कामात फारसं घडत नाही. आपण एकट्यानं काय केलं, कुठे अडलो, कुठे निभावलं, ते आपल्याला ठाऊक असतं. अनेकांचे हात एका कामात जुळून आले की मात्र त्यातला प्रत्येक जण, अगदी प्रमुखसुद्धा, हे जमलं कसं म्हणून विचारात पडतो. त्या कारागिराचा प्रश्न आपण खरा मानू आणि त्याचं उत्तर खडकात शोधू. चांगली टीम कशी उभी राहते आणि त्या टीममध्ये राहून माणूस आपल्या कामात कसा वाढतो, हे दोन्ही त्यात आहे.

आधी काम केवढं होतं ते पाहू. वेरूळचा डोंगर दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या थरांचा. ह्या काळ्या कातळाच्या उतारावर वरून तीन चर खणले: दोन डोंगरात शिरणारे आणि तिसरा त्यांना मागून जोडणारा. मधे सुटा उरला तो सुमारे 200 फूट लांब, 100 फूट रुंद आणि 100 फूट उंच असा दगडाचा ठोकळा. सगळ्या खड्ड्याची लांबी 276 फूट, रुंदी 154 फूट, आणि मागची भिंत 107 फूट उंच. त्या एका ठोकळ्यातून विमान (म्हणजे गाभारा आणि त्यावरचं शिखर), सोळा खांबांचा सभामंडप, नंदीमंडप आणि त्यांना जोडणारा पूल निघाला. अंगणात दोन ध्वजस्तंभ आणि दोन हत्ती उभे राहिले. काढून टाकलेला दगड दीड ते दोन लाख टन भरेल असा अंदाज आहे. लेण्याच्या मुख्य भागाचं श्रेय राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याला दिलं जातं. त्याची कारकीर्द साधारण 756 ते 773, म्हणजे सतरा-अठरा वर्षांची.

एवढ्या कामाला माणसं किती लागली असतील? ह्याची दोन उत्तरं आपल्याकडे आहेत. पहिलं आहे ‘कथाकल्पतरू’मध्ये. कृष्ण याज्ञवल्कीचा हा ग्रंथ कैलासानंतर सात-आठशे वर्षांनी लिहिलेला. त्यातल्या कथेत राणी माणिकावती नवस बोलते की देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. बाकीचे कारागीर फार दिवस लागतील म्हणतात. पैठणचा कोकस मात्र आठवड्यात कळस दाखवायचं कबूल करतो. सात हजार कारागीर घेऊन तो एलापूरला येतो आणि देऊळ वरून खाली कोरायला घेतो, म्हणजे कळस सगळ्यात आधी पुरा होतो. अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या मध्य भारतातल्या शिलालेखांत कोकसाच्या कुळातले शिल्पी म्हणवून घेणारे भेटतात. त्यामुळे कथेमागे कुणी खरा कोकस असावा, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांचं मत होतं.

दुसरं उत्तर ढवळीकरांचंच. एक माणूस दिवसाला चार घनफूट दगड काढेल असं धरून त्यांनी हिशेब मांडला आणि 250 मजुरांना साडेपाच वर्षं पुरली असती, असा निष्कर्ष काढला. हा हिशेब आपल्यालाही तपासता येतो. 250 माणसांचे दिवसाला हजार घनफूट; साडेपाच वर्षांचे दिवस दोन हजार; म्हणजे वीस लाख घनफूट. कातळाचं वजन घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास धरलं तर एकूण दीड लाख टनांच्या थोडं वर जातं. आकडे एकमेकांशी जुळतात. अर्थात टाक्यांना धार लावणारे लोहार, खडी-मलबा वाहणारे, पाणी आणणारे आणि स्वयंपाक रांधणारे ह्यांना वेगळं धरावं लागेल.

सात हजार आणि अडीचशे ह्यांतलं अंतर फार मोलाचं आहे. पूर्ण खड्ड्याचं क्षेत्रफळ साधारण साडेबेचाळीस हजार चौरस फूट. तिथे सात हजार माणसं एकदम उतरवली तर माणशी सहा चौरस फूट जागा येते, आणि तेवढ्यात घण उगारला तर तो शेजाऱ्याला लागेल. अडीचशे माणसांना माणशी 170 चौरस फूट मिळतात. माणसं किती घ्यायची हे कामाच्या आकारावर ठरत नाही, एका वेळी हात लावता येईल अशा पृष्ठभागावर ठरतं. हे ज्याला कळत नाही तो व्यवस्थापक उशीर झाला की माणसं वाढवतो. मॅक्स रिंगेलमान ह्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं दोरी ओढणाऱ्या माणसांची ताकद मोजली होती. निष्कर्ष 1913 मध्ये छापून आले. आठ जण मिळून ओढू लागले की एकेकाचं बळ त्यानं एकट्यानं लावलेल्या बळाच्या निम्म्यावर येत होतं. थोडा दोष ताल चुकण्याचा आणि थोडा ‘दुसरा ओढतोय ना’ ह्या भावनेचा. आयबीएममध्ये प्रचंड मोठ्या संगणक-प्रणालीचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स ह्यांनी 1975 मध्ये लिहून ठेवलं की रखडलेल्या कामावर नवी माणसं ओतली तर ते आणखी रखडतं. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि एकमेकांना विचारण्या-सांगण्याच्या वाटा माणसांच्या संख्येपेक्षा कितीतरी वेगानं वाढतात.

आता कामाच्या दिशेकडे वळू. बांधलेल्या देवळात पाया आधी आणि कळस शेवटी, इथे उलट. वरून खाली येताना परांची बांधावी लागत नाही, उभं राहायला पायाखालचा न कोरलेला दगडच असतो. सोय मोठी, पण तिची किंमतही मोठी आहे. एक थर उतरून खाली गेलं की वरचं काम पुन्हा हाताशी येत नाही. आणि खाली काय हवं आहे ते वर असतानाच ठरलेलं असावं लागतं. नंदीमंडपाला मुख्य देवळाशी जोडणारा पूल कुणी नंतर आणून बसवलेला नाही. मंडपाच्या दोन्ही बाजूंचा दगड काढणाऱ्याला आधीच ठाऊक होतं की मधला एवढा पट्टा ठेवायचा आहे. देवळाचं ओझं पाठीवर घेतलेल्या हत्तींच्या रांगेचंही तेच. ते हत्ती कोरले जायच्या कितीतरी आधी, वर काम करणाऱ्यांनी त्यांच्यासाठी दगड सोडलेला होता. ज्यांनी तो सोडला त्यांतल्या काहींना ते हत्ती पाहायला मिळाले नसतील.

टीमचं अंतिम चित्र सगळ्यांना माहीत असावं, असं व्यवस्थापनाचं प्रत्येक पुस्तक सांगतं. कैलासात ते का लागतं हे दिसतं. ज्याला फक्त ‘इथून तिथपर्यंत फोड’ असं सांगितलं आहे तो नेमका पूल फोडेल. हार्वर्डचे रिचर्ड हॅकमन ह्यांनी विमानातल्या वैमानिकांच्या जोड्यांपासून वाद्यवृंदांपर्यंत अनेक चमूंचा अभ्यास केला. प्रमुखानं रोज कसं हाकलं ह्यापेक्षा सुरुवातीलाच काय ठरवून दिलं ह्यावर यश जास्त अवलंबून असतं, असं त्यांना आढळलं: काम कोणतं, टीममध्ये कोण आहे आणि कोण नाही, कुणाच्या अखत्यारीत काय.

कैलासाची टीम एका गावची किंवा एका परंपरेची नसावी. देवळाची मांडणी कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी इतकी मिळती आहे की अनेक अभ्यासक दोन्हींचा थेट संबंध जोडतात. विरूपाक्ष बांधलं ते चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिनं, 740 च्या सुमारास. पुढे राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गानं चालुक्यांचं राज्य हिसकावलं. कृष्ण हा त्याचा चुलता आणि वारस. कर्नाटकातल्या कारागिरांना विमान कसं रचायचं, थर कसे चढवायचे, देवकोष्ठं कुठे द्यायची हे पाठ होतं, पण त्यांचा हात वालुकाश्माच्या सुट्या चिऱ्यांवर बसलेला. वेरूळच्या माणसांना वालुकाश्माशी कर्तव्य नव्हतं. ती दोनशे वर्षं ह्याच डोंगरात लेणी कोरत आली होती. कातळाचे आडवे थर कुठे बदलतात, उभी चीर कशी पळते, पावसाचं पाणी कुठून झिरपतं, हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं. दहाव्या लेण्यात, विश्वकर्म्याच्या चैत्यात, त्यांनी दगडाच्या छताला लाकडी वासे कोरून दाखवले होते. शेजारच्या पंधराव्या, दशावतार लेण्यात दंतिदुर्गाचा लेखही आहे.

एका बाजूला देवळाचं ज्ञान, दुसऱ्या बाजूला डोंगराचं. ह्यांतलं एकच असतं तर कैलास झाला नसता. अशी टीम जमवणं सोपं असतं, चालवणं अवघड. आराखडा राजदरबाराकडून आलेला असतो, तो आणणाऱ्यांचा मान मोठा असतो. आणि ‘इथे चीर आहे, हा खांब इथे टिकणार नाही’ हे ज्याला दिसतं तो बहुधा खाली, टाकी धरून बसलेला असतो. त्याचं बोलणं वर पोचलं असेल, तेव्हाच हे देऊळ उभं आहे.

ह्याच ठिकाणी चुकीचा विचार करावा लागतो, आणि ह्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते. विटांची भिंत वाकडी गेली तर पाडून पुन्हा बांधता येते. कातळातून नको तेवढा तुकडा उडाला की तो परत बसत नाही. नाक उडालं तर चेहरा मागे सरकवावा लागतो, चेहरा सरकला तर सगळी मूर्ती. पण कैलासातली प्रत्येक टाकी इतकी जोखमीची नव्हती. विद्या देहेजिया आणि शिल्पकार पीटर रॉकवेल ह्यांनी भारतातल्या अपुऱ्या लेण्यांचा अभ्यास केला आहे. त्यातून कामाचे टप्पे नीट दिसतात: आधी मोठा दगड फोडून काढायचा, मग ढोबळ आकार, मग बारीक घडण आणि शेवटचा हात, आणि हे सगळे टप्पे एकाच वेळी वेगवेगळ्या जागी चालू असत. चरातला दगड फोडताना अंतिम रेषा हातभर लांब असते. तिथे घाव वेडावाकडा पडला तरी बिघडत नाही, पुढचा माणूस सावरून घेतो. नंदीच्या कपाळावर सावरायला जागाच नसते.

म्हणजे खडकातच शाळा होती. नवा पोरगा जाड दगडावर, मुरलेला हात अंतिम रेषेवर. त्या दोघांमधलं अंतर कामाच्या टप्प्यांनी आपोआप मोजलेलं. आणि दोघंही एकाच खड्ड्यात, एकमेकांच्या नजरेसमोर. पोराला टाकीचा आवाज ऐकू येतो, उस्तादाचा हात कुठल्या कोनात उतरतो ते दिसतं.

मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह ह्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या शागिर्दीचा अभ्यास केला. तिथला क्रम त्यांना उलटा दिसला. शागीर्द आधी कपड्याचा शेवटचा भाग शिकतो, गुंड्या लावणं आणि काठ दुमडणं, मग शिवण, आणि कापड बेतणं सगळ्यात शेवटी. वरवर पाहता हे वेरूळच्या अगदी विरुद्ध आहे: तिथे नवखा शेवटच्या टप्प्यावर, इथे पहिल्या. पण दोन्हीकडे नियम एकच दिसतो. गुंडी चुकली तर उसवून पुन्हा लावता येते, कात्री चुकली तर कापड गेलं. दगडात पहिला घाव स्वस्त आणि शेवटचा महाग. कापडात पहिली कात्री महाग आणि शेवटची गुंडी स्वस्त. शिकणाऱ्याला चूक परवडेल त्या जागी बसवायचं, मग ती जागा कामाच्या आरंभी असो की अखेरीस. आणि ते काम खरं असलं पाहिजे, सरावासाठी बाजूला ठेवलेलं खोटं काम नव्हे. नवख्यानं फोडलेला दगड खरोखरच देवळाच्या वाटेतला होता.

वेरूळहून तासाभराच्या रस्त्यावर वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या मशीन शॉपमध्ये हाच विचार रोजच्या बोलण्यात असतो. नव्या पोराला आधी रफिंगला लावतात, कारण तेव्हा अंगावर माल शिल्लक असतो. फिनिशिंगच्या कटला सेटर स्वतः उभा राहतो. दुर्दैवानं कचेऱ्यांतून हा विचार हरवला आहे. तिथे नव्या माणसाला एकतर कागद पुढे सरकवण्यापलीकडे काहीच देत नाहीत, म्हणजे वर्षानुवर्षं तो चुकतही नाही आणि शिकतही नाही. नाहीतर पहिल्याच महिन्यात त्याला असं काम देतात ज्यातली चूक निस्तरता येत नाही, आणि ती झाली की त्याच्या नावावर कायमचा शिक्का बसतो. दोन्ही प्रकारांत दोष माणसाचा नसतो, त्याला जागा देणाऱ्याचा असतो.

स्वतःला घडवू पाहणाऱ्यानं हाच हिशेब आपल्या बाजूनं करावा. आज मी जे काम करतो त्यात माझी चूक कोण सावरतं? किती वेळात? कुणी सावरणारं नसेल तर मी शेवटच्या हाताचं काम करतो आहे, आणि त्याला लागणारी तयारी माझ्याकडे आहे का हे प्रामाणिकपणे पाहायला हवं. आणि वर्षानुवर्षं माझी प्रत्येक चूक दुसराच कुणी सावरत असेल, तर मी अजून चरातच आहे, पगार कितीही वाढला असला तरी. अनुभव म्हणजे किती वर्षं झाली ते नव्हे. अंतिम रेषेच्या किती जवळ जाऊ लागलो ते. रुग्णालयातल्या परिचारिकेला, वर्तमानपत्रातल्या उपसंपादकाला, बँकेत कर्जाचे कागद तपासणाऱ्याला हे मोजता येतं. पुढची जागा मागताना ‘मला बढती द्या’ म्हणण्यापेक्षा ‘ह्या कामावरची तपासणी आता माझ्याकडे द्या, पहिले काही तुम्ही पाहा’ म्हणणं जास्त नेमकं असतं. कुठल्याही चांगल्या वरिष्ठाला त्यातून माणसाची तयारी कळते.

मात्र ही शाळा चालायला एक अट आहे. चीर दिसली की बोलता आलं पाहिजे. एमी एडमंडसन ह्या अमेरिकन संशोधिकेनं 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चमूंकडून चुका कमी होत असतील ही तिची अपेक्षा. आकडे उलटे आले: ज्यांचं आपसात चांगलं जमत होतं त्यांच्या नावावर चुका जास्त. पुढे उलगडा झाला की त्यांच्या चुका जास्त होत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी भीतीपोटी झाकल्या जात. ह्यातूनच 1999 मध्ये तिनं कारखान्यातल्या 51 चमूंवरचा तो गाजलेला निबंध लिहिला. माणसाला न घाबरता बोलता येणं हा टीमच्या शिकण्याचा पाया आहे, असं त्यात मांडलं. दगडाच्या कामात तर ह्याला पर्याय नाही. टाकी घसरली आणि ते लगेच सांगितलं, तर आसपासचा दगड अजून शिल्लक असतो, आकार थोडा वळवून घेता येतो. तेच दोन दिवस लपवलं की शेजाऱ्यानं आपला भाग जुन्या रेषेनं पुरा केलेला असतो. चूक तेवढीच, पण दोन दिवसांत तिची किंमत वाढलेली असते. बोलणाऱ्याला शिक्षा करणारा मुकादम खरं तर चुकांची किंमत वाढवत असतो.

टीममधल्या काही माणसांचं काम कोरीव कामात दिसतच नाही. टाक्या बोथट होत, त्यांना पुन्हा धार लावून पाणी देणारा लोहार नसता तर घाव थांबला असता. तसेच गिलावा करणारे. वेरूळच्या गिलाव्याचे नमुने राजदेव सिंह आणि म. म. सरदेसाई ह्यांनी तपासले तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. 2016 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. ह्या तंतूंमुळे गिलावा किडींपासून वाचला आणि टिकला, असं त्यांचं म्हणणं. अजिंठ्याच्या गिलाव्यात ही भांग नाही. हे मिश्रण कुणाला सुचलं, कुणाच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, काही नोंद नाही.

पट्टदकलला तशी नोंद आहे. विरूपाक्षाच्या सूत्रधाराचं नाव, गुंड अनिवारिताचारी, शिलालेखात आहे, आणि त्याला राणीच्या देवळासाठी मिळालेली त्रिभुवनाचार्य ही पदवीही. काही शिल्पींनी आपली नावं शिल्पांजवळ कोरली आहेत. वेरूळच्या कारागिराला ताम्रपटानं चकित होताना दाखवलं आणि त्याचं नाव मात्र दिलं नाही. मला हा अन्याय वाटतो. साडेबाराशे वर्षांनंतर आपण राजाचं नाव सांगतो आणि कोकसाला दंतकथेतून शोधतो. आज अहवालावर, इमारतीवर, शोधनिबंधावर कामाच्या टप्प्यानुसार नावं घालणं काही कठीण नाही. शेवटचा हात ज्याचा त्याचं आणि चर खणणाऱ्याचंही.

वेरूळला गेलात तर कैलास आधी वरून पाहा. बाजूच्या डोंगरावर जाणारी पायवाट आहे. सभामंडपाच्या छतावरचं कमळ आणि चार सिंह तिथून समोर दिसतात, आणि पहिला घाव घालणारी माणसं जिथे उभी होती त्या पातळीवर आपण असतो. मग खाली उतरून अंगणाच्या उंच भिंतींवरचे टाकीचे तिरके ओरखडे पाहा. ते घडणीचे नाहीत, दगड फोडण्याचे आहेत, रफिंगच्या माणसांचे. तिथून पुढे उत्तरेला जैन लेण्यांकडे जाताना तिसावं लेणं लागतं, छोटा कैलास. मोठ्या कैलासाचीच लहान प्रतिकृती काढायला घेतली होती आणि ती पुरी झाली नाही. पर्यटकांच्या गाड्या तिथे फार वेळ थांबत नाहीत. पण टीमच्या कामाचा अभ्यास करणाऱ्यानं तिथे निवांत बसावं, कारण तिथे घडलेलं आणि अर्धवट राहिलेलं शेजारी शेजारी आहे, आणि कुठला दगड कुणाच्या हातात सोपवलेला होता हे अजून वाचता येतं.